दोन कार्बोरेटर, एक फ्लॅटहेड

प्रश्न (फ्रिमाँट, कॅलिफोर्निया): माझ्या हॉट रॉडमध्ये (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाडीत) २३९ घनइंची फोर्ड फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडमध्ये नव्हे, ब्लॉकमध्ये असलेलं) व्ही-८ इंजिन आहे. त्यावर स्ट्रॉमबर्ग ९७ जातीचे दोन कार्बोरेटर बसवलेत. स्लोवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) इंजिन गुदमरतं, प्लग काळे पडतात, गाडी बंद केली की मॅनिफोल्डवर (कार्बोरेटरखालच्या नळ्यांवर) पेट्रोल ठिबकतं. लहान मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) घालूनही फरक नाही.

उत्तर: पडणारही नव्हता. स्लोचं मिश्रण मुख्यतः स्लोच्या नळ्या आणि स्क्रू ठरवतात, आणि ठिबकणं म्हणजे नीडल-सीट (कार्बच्या भांड्यात येणारं पेट्रोल थांबवणारी सुई व तिची बैठक) पेट्रोल अडवत नाही. ९७ ला अडीच पीएसआय दाब पुरतो. तीनच्या वर गेला की नीडल उचलली जाते. हल्लीचे बरेच इलेक्ट्रिक पंप चार ते सात देतात. रेग्युलेटर लावा आणि गेज रेग्युलेटर व कार्बच्या मधे ठेवा. तोवर गाडी चालवू नका; तापलेल्या मॅनिफोल्डवरचं पेट्रोल म्हणजे आगच.

दाब बसला की इंजिन थोडं चालवून बंद करा, कार्बचं वरचं झाकण व गॅस्केट काढा. भांड्याच्या काठापासून पेट्रोल १५/३२ इंच, म्हणजे सुमारे १२ मिमी खाली हवं. ही पातळी बसवायला फ्लोटची (भांड्यातल्या तरंगत्या डबीची) पट्टी वाकवताना फ्लोट नीडलवर दाबू नका, टोक खराब होतं. फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बाद.

तरीही काळा धूर असेल तर भांड्याच्या तळाचा पॉवर व्हॉल्व्ह गळतोय. तो फुल थ्रॉटलला कार्बमधल्या ॲक्सिलरेटर पंपाच्या दांड्याने उघडतो, एरवी बंदच हवा. मूळचा ६५ नंबरचा. दोन कार्बना ६९ च्या आसपासचा घ्या. नंबर ड्रिलचा असल्याने नंबर वाढला की भोक लहान होतं.

शेवटी दोन्ही कार्बना जोडणारी मधली लिंक सोडवून दोन्हींची हवा, हवेचा प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर, सारखी करा. चारही स्लो स्क्रू हलकेच टेकवा (कसले तर टोकाला खाच पडते) आणि एकेक फेरा बाहेर घ्या. तिथून बारीक सेटिंग, चौघांचं सारखंच.

प्रश्न: तेच इंजिन ट्रॅफिकमध्ये तापतं. मोठा पंखा लावू का?

उत्तर: आधी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पाहा, मागे पडलं असेल तर उष्णता वाढते. फ्लॅटहेडचा एक्झॉस्ट ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांतून बाहेर पडतो, आणि दर बाजूला चार सिलिंडरना तीनच पोर्ट, मधल्या दोघांना एक. हा जन्मजात दोष. त्यात ओतकामाची वाळू आणि गंज साचला की कुठलाही पंखा पुरत नाही, म्हणून ब्लॉक उकलून धुवा. त्याच वेळी व्हॉल्व्ह सीट आणि बोअरच्या (सिलिंडरच्या भोकाच्या) मधे तडा आहे का तेही तपासा. दोन पाण्याचे पंप आहेत, दोन्ही चालू हवेत. कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर या इंजिनांनी वेगाचे विक्रम केले, पण तिथे सिग्नल नव्हते!

प्रश्न (पुणे): जुन्या फोर्डला ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल चालेल का?

उत्तर: तयारी केली तर. इथेनॉलमुळे मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागतं. म्हणजे ०.०४५ इंचाचा जेट ०.०४७ पर्यंत न्यावा. आधी प्लगचा रंग पाहा, पांढरट असेल तरच बदला. जुने रबर होज, पंपाचा डायफ्रॅम आणि फ्लोटची नीडल बदलून व्हिटॉनची (इथेनॉल सोसणाऱ्या रबराची) घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर भांडं रिकामं करा, नाहीतर पाणी शोषलेलं पेट्रोल जस्ताच्या बॉडीवर पांढरी भुकटी जमवतं आणि जेट बुजतात.