आधी पेशी धुऊन घे

प्रिय मित्रा,

रक्तातल्या पेशींना रंगीत अँटिबॉडी लावून काढलेला तुझा आलेख काल रात्री बराच वेळ पाहत बसलो. जवळजवळ प्रत्येक बी पेशीवर, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीवर, कॅपा आणि लॅम्डा दोन्ही चमकताहेत. एक बी पेशी अँटिबॉडीच्या या दोन हलक्या साखळ्यांपैकी एकच बनवते, हे तुलाही ठाऊक आहे. मग दुसरी आली कुठून? अँटिबॉडीची बाटली बदलायची घाई करू नकोस. ती साखळी सीरममधून, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातून आली आहे.

रक्तात पेशी कधी एकटी नसते. तिच्याभोवती लिटरमागे 7 ते 16 ग्रॅम आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटिबॉडी असते, आणि तिचं शेपूट पकडणारे एफसी रिसेप्टर कित्येक पेशींवर असतात. मोनोसाइट या पांढऱ्या पेशीवरचा सीडी64 हा रिसेप्टर सुट्या आयजीजीलाही घट्ट धरतो. सीडी16, सीडी32 यांची पकड सैल, त्यांना गुच्छ लागतात. समोरची साखळी पेशीने स्वतः बनवली की बाहेरून येऊन चिकटली, हे तुझ्या रंगीत अँटिबॉडीला कळत नाही.

एकदा धुतलं म्हणजे झालं, असं वाटतं ना? जरा हिशोब कर. मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम आयजीजी धर. नळीत 100 मायक्रोलिटर ठेवून बफरने, म्हणजे धुण्याच्या द्रावणाने, 2 मिलिलिटर केलंस की मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम उरतं. दुसऱ्या वेळी 25 मायक्रोग्रॅम, तिसऱ्या वेळी सव्वा. तोवर हे सुटं आयजीजी तुझी अँटिबॉडी वाटेतच गिळून टाकतं. आणि बफर 37 अंशांचा घे, चिकटलेलं त्याने जास्त सुटतं.

मी शिकत होतो तेव्हा एका रुग्णाचा नमुना एकदाच धुतला आणि ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी तोच नमुना कोमट बफरने तीनदा धुतला. लॅम्डाचा ढग खाली बसला, उरल्या त्या सगळ्या कॅपाच्या, एकाच कुळातल्या पेशी. लिम्फोमाचं, म्हणजे अशा पेशींच्या कर्करोगाचं निदान माझ्यामुळे एक दिवस लांबलं. ते मला अजून बोचतं.

पण चिकटलेलं सगळंच मळ समजू नकोस. सीरममधलं सी3 हे पूरक प्रथिन फुटलं की त्याचा तुकडा प्रतिजनावर, म्हणजे परक्या रेणूवर पक्का बसतो, आणि त्यातला सी3डी हा भाग बी पेशीवरचा सीडी21 हा रिसेप्टर ओळखतो. 1996 साली उंदरांवरच्या एका प्रयोगात कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमला सी3डीच्या तीन प्रती जोडल्या, तर प्रतिकार जागवायची त्याची ताकद 10,000 पटीने वाढली. मला आजही हा आकडा थक्क करतो. तुझ्या पुढच्या प्रयोगात सी3 जिवंत हवं असेल, तर सीरम 56 अंशांवर अर्धा तास तापवू नकोस, त्याने पूरक प्रथिनांची साखळीच बंद पडते. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीतलं रक्तही तिथे चालणार नाही, या साखळीला लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही त्यात अडकतात.

सोमवारी ताज्या रक्ताच्या दोन नळ्या लाव. एक एकदाच धुतलेली, दुसरी तीनदा. दोन्ही आलेख एकाच कागदावर शेजारी काढून पाठव, मग आपण फोनवर बोलू.

तुझा,
सर