चालता चालता इंजिन बंद पडतं

प्रश्न : माझी २०१० सालची पेट्रोल गाडी आहे. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढत असताना इंजिन अचानक बंद पडतं. झटके नाहीत, आवाज नाही. स्टार्टर फिरतो, पण गाडी सुरू होत नाही. बॉनेट उघडून वीसेक मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते. गॅरेजमध्ये मात्र ठणठणीत! प्लग झाले, पेट्रोल पंपही बदलला. आता काय करू?

उत्तर : पंप बदलायची घाई झाली. ‘झटके नाहीत’ हे तुमचेच शब्द बघा. पंप दमला की चढावर आधी पिकअप मरतो, गाडी आचके देते आणि मग बंद पडते. दिवा मालवावा तसं इंजिन थांबलं, तर आधी वायरिंग, मेन रिले (इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज पोचवणारा स्विच) आणि सेन्सरकडे बघायचं. त्यातही गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, म्हणजे माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा; तो फिरतोय हे हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. आतली बारीक तार तापली की तुटते, निवली की पुन्हा टेकते. क्रँक फिरतोय हे कॉम्प्युटरला कळलंच नाही, तर तो स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही नाही.

गॅरेजात गाडी गार असते, म्हणून दोष सापडत नाही. खरी तपासणी त्या वीस मिनिटांतच करायची. किल्ली ऑन करा आणि मागच्या सीटखाली कान द्या. पंपाची दोनेक सेकंद घरघर आली पाहिजे. मग स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा बघा. बहुतेक गाड्यांत तो जरासा उचलतो. घरघर आहे पण काटा जागचा हलत नाही, तर सेन्सर जवळपास नक्की. मेकॅनिकला स्कॅनर लावून पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड आहे का ते बघायला सांगा. कोड नसला तरी सेन्सर निर्दोष ठरत नाही. इंजिन पुरतं तापवून, बंद पडल्याबरोबर तपासायला लावा. सेन्सरच्या कनेक्टरच्या पिनाही बघून घ्या. सेन्सर बदलायचाच झाला, तर कंपनीचाच घ्या. स्वस्तातले मी बसवत नाही.

तोवर कृपा करून ही गाडी घाटात नेऊ नका. रस्त्यात बंद पडलीच तर धोक्याचे दिवे लावून डावीकडे घ्या. स्टिअरिंग जड होईल, जोर लावा. ब्रेक एकदाच दाबून धरा, सारखा मारू नका. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच उरतो. आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.