सूत्रधार म्हणजे गुन्हेगार नव्हे हो!

प्रश्न इथल्याच, इंदूरच्या एका पोराचा आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ, तो खेळणारा त्यांचा ग्रुप, सगळे मराठी घरातले, आणि हा स्वतःचा एक होमब्रू क्लास, म्हणजे घरी रचलेला पात्राचा प्रकार, बनवतोय, लढाई कमी नि क्राफ्टिंग जास्त, म्हणजे हत्यारं, औषधं, यंत्रं सगळं आपल्या हाताने बनवणारा गडी. विचारतो, नाव 'कारीगर' ठेवू की 'शिल्पकार'? आणि जाता जाता सांगतो, "डीएमला आम्ही सूत्रधार म्हणतो." डीएम म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट सांगत खेळ चालवणारा.

आधी सोपं उरकतो. कारीगर नको, कारागीर म्हण. शब्द फारसीच, 'कार' म्हणजे काम आणि 'गर' म्हणजे करणारा, सौदागरातला नि जादूगारातला तोच, पण मराठीने त्याचा कारागीर करून घेतलाय तर तो वापर की भिया, इंदुरात राहतो म्हणून प्रत्येक शब्द हिंदीतूनच उचलायचा असा काही कायदा नाही. शिल्पकार म्हटलं की एकतर पुतळे नाहीतर बॅनरवरचे 'विकासाचे शिल्पकार'. किमयागार फक्त औषधं-रसायनं घोटणाऱ्याला शोभतो. झालं.

आता जाता जाता सांगितलंस त्याकडे येऊ, कारण खरी मजा तिथेच आहे. सूत्रधार! पेपर उघडा, टीव्ही लावा, 'घोटाळ्याचा मुख्य सूत्रधार अटकेत', 'दरोड्याचा सूत्रधार फरार'. अरे काय बिचाऱ्याचं करून ठेवलंय! आणि हे सगळं का, तर लोकांच्या डोक्यात बसलंय की सूत्रधार म्हणजे पडद्यामागे बसून बाहुल्यांच्या दोऱ्या ओढणारा. ह्याला मोठ्या विद्वानांचाही हातभार आहे, रिचर्ड पिशेल नावाच्या जर्मन पंडिताने 1900 साली बाहुल्यांच्या खेळाच्या मूळ घरावर लिहिलं आणि ह्याच शब्दाच्या आधाराने आपलं संस्कृत नाटकच बाहुल्यांतून निघालं असं मांडलं. पिशेल प्राकृत व्याकरणातला बाप माणूस, ते मान्य. पण बाप माणसाने एका शब्दाच्या दोरीवर अख्खी नाट्यपरंपरा टांगावी हे काही मला पटत नाही, आणि त्याच्या मागून आपले लोक अजून तेच घोकतायत ह्याचा जास्त राग येतो.

कारण सूत्र धरणारा म्हणजे मापाची दोरी धरणारा. लाकडावर, जमिनीवर रेघ आखायची दोरी. ह्याच सूत्रधाराचं प्राकृतात सुत्तहार झालं आणि मराठीत सुतार! हो, आपला रंधेवाला सुतार. आता बाकीचे कसबी बघा, कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार, कांस्यकाराचा कासार, सगळे 'कार', सगळे करणारे. ह्या रांगेत एकटा सुतार 'धार' आहे, धरणारा. कुणी म्हणेल कशावरून, सूत्रकार असेल. तर शेजारी गुजरातीत जा, तिथे सुथार म्हणतात, तो 'थ' कुठून आला? सुत्तहारातल्या 'ह'तून. 'कार' असता तर तो 'ह' आलाच नसता. आपल्या मराठीने तो गिळला, गुजरातीने जपला. मिस्त्री लोक अजून 'दोन सूत कमी कर' म्हणतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि आपण पोरांना 'सुतासारखा सरळ करीन' म्हणून दम देतो तेही माझ्या मते ह्याच आखायच्या दोरीवरून, बाहुलीची दोरी कशाला सरळ असायला लागलीय, ती तर सारखी नाचत असते.

म्हणजे तुमच्या टेबलावर गंमत अशी झालीये की डीएम आणि तुझा हा क्राफ्टर, दोघांचं नाव मुळात एकच आहे.

आणि पुरावा लांब कुठे शोधायचा, आपल्या शेजारी धारला. अकराव्या शतकातला राजा भोज, त्याच्या नावावरचा वास्तुशास्त्राचा ग्रंथ 'समरांगणसूत्रधार', इथला सूत्रधार चोख बांधकामवाला. (धार आणि सूत्रधार ह्यांचा काही संबंध नाही, कृपया फॉरवर्ड करू नये.) त्याचा एकतिसावा अध्याय तुझ्या डीएमला वाचून दाखव, सगळी यंत्रंच यंत्रं, पाऱ्याच्या जोरावर उडणारा लाकडी पक्षी, दिव्यात तेल घालणारी बाहुली, दारावर पहारा देणारे लाकडी द्वारपाल. तुमच्या खेळातला आर्टिफिसर, म्हणजे जादूची यंत्रं बनवणारा क्लास, त्याचा स्टील डिफेंडर हा राखणदार यंत्रप्राणी दुसरा काय असतो? आर्टिफिसर हा क्लास म्हणून एबेरॉन ह्या खेळातल्याच एका जगाच्या पुस्तकात आला 2004 साली, भोज साधारण हजार वर्षं आधी. आणि सगळ्यात भारी म्हणजे यंत्रांची पूर्ण कृती भोज देतच नाही, आणि वर सांगतो की हे अज्ञानामुळे नाही, गुप्ततेसाठी. रेसिपी लपवणारा क्राफ्टर, तोही राजा!

क्लासबद्दल म्हणशील तर नावापेक्षा नियमांकडे बघ. 2014 च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी क्राफ्टिंग करायला गेलास तर दिवसाला पाच सोन्याच्या नाण्यांचं काम होतं, प्लेट आर्मर 1500 चं, म्हणजे एकट्याने बसून 300 दिवस ठोकत बसायचं, तोवर बाकीची पार्टी ड्रॅगन मारून, लूट वाटून घरी. आर्टिफिसरला म्हणूनच लाँग रेस्ट, म्हणजे खेळातली रात्रभराची विश्रांती, संपताना वस्तूत जादू भरायची सोय दिलीय. तुझा माणूसही रात्रीतून काहीतरी बनवेल असंच ठेव, नाहीतर बिचारा घरीच राहील.

नाव? सूत्रधार ठेव ना. डीएमला डीएमच म्हणा, त्याला काय नवं नाव हवंय. आणि एक नियम फुकट देतो, माझा नाही, नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायातला. नाट्यगृहाची जमीन मोजताना दोरी तुटली किंवा हातातून सुटली तर काय होतं ते तिथे लिहिलंय, आणि शक्यता नेमक्या चारच, चार बाजूंच्या फाशाला तंतोतंत बसतात. मोठं काही बनवताना वीस बाजूंच्या फाशावर एक पडला की दोरी गेली समज, मग चारचा फासा टाक. एक पडला तर दोरी हातातून सुटली, काहीतरी किरकोळ नुकसान. दोन, दोरी अर्ध्यावर तुटली, मालकाचं मरण, म्हणजे ज्याच्यासाठी वस्तू बनवत होतास तो गेला. तीन, तिसऱ्या हिश्शावर तुटली, राज्यात कोप. चार म्हणजे चौथ्या हिश्शावर, आणि तिथे भरतमुनी म्हणतात प्रयोक्त्याचा नाश, म्हणजे जो प्रयोग करवतोय त्याचा, म्हणजे तुमच्या डीएमचा. त्याला हा नियम आधीच सांगून मंजूर करून घे, फासा पडल्यावर ऐकणार नाही तो.