एफडी मोडून अलर्ट डॉग घ्यावा का? पाथर्डी फाट्याच्या ताईंना उत्तर

ताई, आधी सरळ सांगते. शुगर उतरली की इशारा देणारा हा कुत्रा घ्या, पण आत्ता लगेच नाही आणि त्यासाठी एफडी मोडायची तर अजिबात नाही.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते, ताई ३४ वर्षांच्या, शाळेत असल्यापासून टाइप-वन डायबिटीस, नाशिकच्या अंबडला कंपनीत अकाउंट्सला आहेत आणि भाड्याच्या वन बीएचकेमधे एकट्या राहतात. इतक्या वर्षांनी आता शुगर उतरली तरी घाम, थरथर काहीच जाणवत नाही, मध्यंतरी एका सकाळी फोनचा अलार्म वाजतच राहिला म्हणून घरमालक काकूंनी दुसऱ्या चावीने दार उघडलं, मीटरवर ४१ होतं, काकूंनी हिरड्यांना मध चोळत चोळत रिक्षा बोलावली. आता बाहेरगावचा एक ट्रेनर साडेतीन लाखात शुगर ओळखणारा लॅब्रॅडॉर देतो म्हणतोय, दीड लाख आधी द्यायचे. ताईंकडे एका सहकारी बँकेत ६ लाखांची एफडी आहे, पुढच्या दिवाळीत मॅच्युअर होणारी.

पगार हातात ४८,०००. भाडं, घरखर्च, इन्सुलिन-स्ट्रिप्स आणि निफाडला आईला पाठवता ते धरून ३४,००० जातात, उरले १४,०००, त्यातले ५,००० आरडीत. आता कुत्र्याचं बघा. साडेतीन लाख ही फक्त सुरुवात, लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षं जगतो आणि रोज खातो. चांगलं खाणं, रेबीजचं दरवर्षीचं इंजेक्शन, गोचिडांचं औषध, महापालिकेचा परवाना, तुम्ही अ‍ॅडमिट झालात तर त्याला ठेवायची सोय, अधूनमधून ट्रेनिंगची उजळणी, मी महिन्याला साडेसहा हजार धरते आणि हा अंदाज हात आखडूनच आहे.

आणि कुत्रा आला की मीटर सुटतो असं नाही हो. श्वासाचा-घामाचा वास बदलला की तो पंजा मारून उठवतो, शिकवलं तर ग्लुकोजची पाउच आणून देतो, हे खरंय, पण प्रत्येक कुत्र्याचं अचूक ओळखणं सारखं नसतं, तोही झोपतो, आजारी पडतो. म्हणून डॉक्टरांशी बोलून आधी शुगर सतत मोजणारा सेन्सर लावा, दंडावरचा, चौदा दिवस चालणारा. शुगर ७० च्या खाली घसरली की फोनवर अलार्म येतो, तसाच तो आईच्या किंवा काकूंच्या फोनवरही जाईल असं सेटिंग करून घ्या. महिन्याला दोन लागतात, साधारण साडेनऊ हजार, स्ट्रिप्स कमी लागतील त्यामुळे आरडी चालू ठेवूनही हे जमतंय. एकट्या राहणाऱ्या बाईला आज रात्रीपासून काहीतरी हवं, ट्रेन झालेला कुत्रा यायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

दिवाळीला आरडीचे दोनेक लाख येतील. तेव्हाच एफडी मॅच्युअर होईल, त्यातले दीड लाख काढा, झाले साडेतीन. उरलेले साडेचार लाख दरमहा व्याज देणाऱ्या एफडीत टाका, ७ टक्के धरले तरी २,६०० च्या आसपास येतात, म्हणजे कुत्र्याच्या खाण्याला मोठा हातभार झाला. आत्ता मोडलीत तर दंड म्हणून व्याज कापतील ते वेगळंच. तसंही एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंतच ठेवीचा विमा असतो, तुमचे वरचे लाखभर आज उघड्यावर आहेत, त्यामुळे तेव्हा रक्कम दोन बँकांत विभागलेली बरी.

दीड लाख अ‍ॅडव्हान्स मात्र कुणालाही देऊ नका, कुणीही सांगू दे. पैसे टप्प्याटप्प्याने. बरेच कुत्रे ट्रेनिंगमधे नापास होतात, त्यात त्यांचा काही दोष नसतो, पण मग तुमच्या पैशाचं काय हे स्टँप पेपरवर आधी लिहून घ्या. शेवटचा हप्ता, निदान एक लाख, कुत्रा तुमच्या घरी महिनाभर राहून सेन्सरच्या आकड्यांशी त्याचे इशारे जुळल्यावरच. जॅकेटवर सर्व्हिस डॉग लिहिलंय एवढ्यावर भुलू नका.

दोन गोष्टी राहिल्या. कंपनीची मेडिक्लेम नोकरीबरोबर जाते, स्वतःची पॉलिसी आत्ताच काढा, टाइप-वन म्हटल्यावर काही कंपन्या नाही म्हणतील, काही प्रीमियम वाढवतील, तरी विचारत राहा आणि आजार लपवू नका. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, ते महिने जितक्या लवकर मोजायला लागतील तितकं बरं. दुसरं घराचं, पाळीव प्राण्याला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, तसं प्राणी कल्याण मंडळाने सांगितलंय, पण घरमालक अ‍ॅग्रीमेंटमधे अट टाकू शकतो. पुढच्या रिन्यूअलला काकूंना समोर बसवून कुत्र्याचं लिहून घ्या, त्या नाही म्हणणार नाहीत असं मला तुमच्या मेलवरून तरी वाटतंय. सेन्सर लावल्यावर पहिल्या महिन्याचे आकडे आणि ट्रेनरचं अ‍ॅग्रीमेंट, दोन्ही मला पाठवा, सही करायच्या आधी.