ग्रंथपालांचे प्रश्न : शाळेत स्पॅनिश पुस्तकांचा विभाग कसा उभारावा?

प्रश्न : वडोदऱ्यातील आमच्या शाळेत नववीपासून स्पॅनिश हा ऐच्छिक विषय सुरू होत आहे. व्यवस्थापनाने पुस्तकांसाठी थोडी रक्कम मंजूर केली असून, मराठी पुस्तकांचे कपाट रिकामे करून तेथे स्पॅनिश विभाग करावा असे सुचवले आहे. मला स्वतःला स्पॅनिश येत नाही. निवड कशी करावी?
– एक शालेय ग्रंथपाल, वडोदरा

उत्तर : मराठीचे कपाट हलवू नये, हे मी प्रथम आग्रहाने सांगतो. स्पॅनिशची सुरुवात एका खणातही होऊ शकते. परंतु गुजरातेत वाढणाऱ्या मराठी घरांतील अनेक मुलांच्या हाती मातृभाषेतले पुस्तक पडण्याची जागा बहुधा शाळेचे ग्रंथालय हीच असते.

निवडीसाठी शोधाशोध केली की अमेरिकेतील ग्रंथालयांच्या याद्या सहज सापडतात. त्या काळजीपूर्वक केलेल्या असतात, पण वेगळ्या वाचकासाठी. अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरात स्पॅनिश बोलतात. मूळच्या पुएर्तो रिकोच्या पुरा बेलप्रे 1921 साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात रुजू झाल्या आणि पुढे त्यांनी इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत मुलांना गोष्टी सांगण्याचा उपक्रम चालवला. स्पॅनिशभाषकांना ग्रंथालयसेवा मिळावी यासाठी 1971 मध्ये ‘रिफॉर्मा’ ही ग्रंथपालांची संघटना स्थापन झाली. परमुलखात घरची भाषा टिकावी, ही त्या सगळ्या खटाटोपामागची तळमळ होती. म्हणूनच तेथील स्पॅनिश कपाटाचे खरे नाते आपल्या शाळेतील मराठी कपाटाशी आहे, आणि हे आपण व्यवस्थापनासमोर अवश्य मांडावे.

आपला स्पॅनिशचा वाचक मात्र पहिली अक्षरे गिरवणारा आहे. त्याच्यासाठी मुखपृष्ठावर किंवा मलपृष्ठावर ए1, ए2 अशी (म्हणजे भाषा शिकण्याची अगदी सुरुवातीची) पातळी छापलेल्या छोट्या वाचनपुस्तिका आधी घ्याव्यात, कारण त्यांतील शब्दसंख्या आणि व्याकरण मोजूनमापून ठेवलेले असते. चित्रपुस्तके जपून निवडावीत. ती लहान मुलांची म्हणून सोपी असतील असे वाटते. परंतु गोष्ट भूतकाळात सांगितलेली असते आणि पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला जेमतेम वर्तमानकाळाची रूपे आलेली असतात, त्यामुळे दुसऱ्याच पानावर तो अडतो. इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये गेलेली लोकप्रिय पुस्तके मी सुरुवातीला टाळीन, कारण आपली मुले ती इंग्रजीतच वाचतात. स्पॅनिश ही सुमारे वीस देशांची राजभाषा आहे. तेव्हा स्पेनबरोबर मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना येथील मूळ लेखनही हळूहळू यावे. आपल्याला भाषा येत नसल्याने प्रत्येक पुस्तकाची काही पाने स्पॅनिशच्या शिक्षकांनी वाचून पाहिल्याशिवाय मागणी नोंदवू नये. नवी दिल्लीच्या इन्स्टिट्यूटो सर्वांतेस या स्पॅनिश भाषा-संस्कृती केंद्राचे स्वतःचे ग्रंथालय आहे. तेथे विचारणा करावी.

प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर भारतीय चित्रकथा अनेक भाषांत मोफत उपलब्ध असून त्या छापून घेण्याची मुभा आहे. जी गोष्ट मराठी, गुजराती आणि स्पॅनिश अशा तिन्ही भाषांत मिळेल, तिच्या तिन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवाव्यात. हा मला सर्वांत आवडणारा उपाय आहे, कारण गोष्ट आधीच ठाऊक असली की मूल अनोळखी भाषेला बिचकत नाही.

सगळी रक्कम एकदम खर्च करू नये. पहिल्या खेपेला निम्मी पुस्तके घ्यावीत आणि सहामाहीनंतर देवघेवीची नोंद पाहून पुढची मागणी ठरवावी. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास बोलावले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवणारी फिरती ग्रंथालये संस्थानात सुरू झाली. ज्या शहराला हा वारसा आहे, तेथे स्पॅनिश शिकवणाऱ्या दोन-तीन शाळांनी मिळून एक पेटी फिरवणे मुळीच अवघड नाही. प्रत्येक शाळेने वेगळी पुस्तके घ्यावीत आणि सत्र संपताच पेट्यांची अदलाबदल करावी.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाला काही स्पॅनिश पुस्तके भेट मिळाली आहेत. त्यांची नोंद कशी करावी?
– एक कार्यवाह, वडोदरा

उत्तर : पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणात स्पॅनिश भाषेला 460 आणि साहित्याला 860 हे वर्गांक आहेत. खरी चूक लेखकाच्या नावात होते. स्पॅनिशभाषक माणसाला सहसा दोन आडनावे असतात आणि नोंद पहिल्या आडनावाखाली करायची असते; त्यामुळे गाब्रिएल गार्सिया मार्केस ‘गार्सिया’खाली येतात, ‘मार्केस’खाली नव्हे. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ‘एन’ हे स्वतंत्र अक्षर असून त्याचा क्रम साध्या ‘एन’नंतर लागतो, संगणकात तो साधा ‘एन’ म्हणून भरू नये. स्पेनमधील पुष्कळ पुस्तकांच्या कण्यावरील नाव खालून वर छापलेले असते. अशी पुस्तके कोणी उलटी लावू नयेत म्हणून वर्गांकाची चिठ्ठी प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर तळाशी, एकाच उंचीवर चिकटवावी.