पोकेमॉन कोलोसियम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

गेमक्यूबवरचा हा खेळ निवडलात, याचा आनंद आहे. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे जोरदार हल्ला करून शॅडो पोकेमॉनला (म्हणजे हृदय बंद करून टाकलेल्या, विरोधी ट्रेनरकडून हिसकावून घ्यायच्या पोकेमॉनला) बेशुद्ध पाडणे; बेशुद्ध झाला की तो पकडता येत नाही. सुरुवातीलाच भेटणारा शॅडो पोकेमॉन माकुहिता फायटिंग प्रकारचा असल्याने तुमच्याकडच्या एस्पिऑन या पोकेमॉनचे सायकिक (मनोशक्तीचे) हल्ले त्याला फार लागतात, म्हणून त्याची ताकद थोडी थोडी कमी करून मगच पकडण्याचा पोके बॉल फेका आणि आऊटस्कर्ट स्टँड या दुकानातून बॉलचा भरपूर साठा घेऊन ठेवा. तो निसटलाच तर निराश होऊ नका. पुढे पुन्हा संधी मिळते.

पकडलेल्यांना पीसीत (पोकेमॉन साठवायच्या खेळातल्या संगणकात) नुसते पडून राहू देऊ नका. ते लढाईत उतरले आणि तुमच्यासोबत चालले, तर त्यांच्या हृदयाची पट्टी (हृदय किती बंद आहे हे दाखवणारी) रिकामी होत जाते. कोणी लढाईत हायपर मोडमध्ये गेला, म्हणजे अनावर झाला, तर त्याला हाक मारा. पट्टी रिकामी झाली की त्याला शुद्ध करण्यासाठी अ‍ॅगेट गावातल्या रेलिक स्टोन या शिळेपाशी न्या.

खेळ फक्त पीसीवरच सेव्ह होतो, त्यामुळे पीसी दिसला की थांबा.