आयएसओ कॉपी केली तरी पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू होत नाही

गुहागरहून आलेला प्रश्न असा: विंडोज 10 च्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, टाकायचं आहे. मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम बांधून ठेवलेली एकच फाइल) 16 जीबीच्या पेन ड्राइव्हवर कॉपी केली, तरी स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' येतं. दुकानदार म्हणतो पेन ड्राइव्ह बदला. बदलू का?

बदलू नका, पेन ड्राइव्ह बहुतेक ठणठणीत आहे. नुसती कॉपी केल्यामुळे हे झालंय. आंब्याची पेटी न उघडता खोलीत ठेवली म्हणजे आढी लागत नाही, तसंच आयएसओचं आहे. लॅपटॉप सुरू होताना बूटलोडर, म्हणजे सिस्टीम चालू करणारा छोटा प्रोग्राम, ठरलेल्या जागीच शोधतो. मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर नव्या मशीनमध्ये यूईएफआय असतं, जुन्यांत बायोस. यूईएफआय फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या भागातला 'ईएफआय' फोल्डर बघतं, जुनं बायोस ड्राइव्हच्या अगदी पहिल्या तुकड्यातला (सेक्टरमधला) कोड वाचतं. तुमच्या पेन ड्राइव्हवर यातलं काहीच नाही, फक्त एक मोठी फाइल आहे. ती मोकळी करून नीट मांडायचं काम रुफस हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम करतो.

पण त्याआधी फाइल पूर्ण उतरली आहे का ते बघा. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जवळपास 3 जीबी उतरवताना मध्ये खंड पडतोच. अशा खराब फाइलपासून बनवलेला पेन ड्राइव्ह कधी सुरूही होतो, आणि मग इन्स्टॉलेशन निम्म्यावर अडकतं. दोष मात्र लॅपटॉपला लागतो. मिंटच्या साइटवर प्रत्येक फाइलचा एसएचए256, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा कोड, दिलेला असतो, 64 अक्षरांचा. रुफसमध्ये फाइल निवडली की 'सिलेक्ट'च्या बाजूला बरोबरच्या खुणेचं बारीक बटण आहे. ते दाबलं की तुमच्या फाइलचा एसएचए256 दिसतो. दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल पुन्हा उतरवा, या वेळी टॉरेंटने. त्यात प्रत्येक तुकडा वेगळा तपासला जातो आणि नेट तुटलं तरी राहिलेल्या जागेवरून पुढे चालू होतं.

आता रुफस. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाणार, म्हणून त्यावरचे फोटो, बिलं आधी दुसरीकडे ठेवा आणि बाकीचे पेन ड्राइव्ह काढून घ्या. 'पार्टिशन स्कीम' (ड्राइव्हचे भाग मांडायची पद्धत) या ठिकाणी एमबीआर ठेवा, जुन्या-नव्या दोन्ही मशीनवर चालते. मध्येच आयएसओ मोड (फाइली मोकळ्या करून मांडणं) की डीडी मोड (आयएसओ जशीच्या तशी उतरवणं) असं विचारेल, तेव्हा आयएसओ निवडा. तो पेन ड्राइव्ह सुरू झाला नाही तरच पुन्हा डीडीने लिहा. लॅपटॉपची रॅम 4 जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची की दाबत राहा. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ12, एचपीला एफ9. पेन ड्राइव्ह यादीतच दिसत नसेल तर दुसऱ्या पोर्टला लावून बघा. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने पोर्टच्या आतल्या पट्ट्यांवर थर चढतो आणि एखादा पोर्ट निकामी होतो. 'सिक्युरिटी' शब्द असलेला संदेश आला तर बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करा.

विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून तुमचा निर्णय मला पटतो. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फक्त बागेचा हिशेब टॅलीत असेल तर थांबा. टॅली विंडोजसाठीच आहे, लिनक्सवर सरळ चालत नाही. त्यासाठी एखादं विंडोज मशीन ठेवावं लागेल.

पेन ड्राइव्हवरून मिंट उघडलं की लगेच 'इन्स्टॉल'वर क्लिक करू नका. तसंच वापरून बघा, तोवर हार्ड डिस्कवर काही लिहिलं जात नाही. वायफाय लागतं का, प्रिंटर दिसतो का, मराठी टाइप होतं का, सगळं पाहून घ्या. मगच बॅटरी भरून, चार्जर लावून इन्स्टॉल करा. लाईट गेली तर पेन ड्राइव्ह पुन्हा लिहिता येतो, पण डिस्कचे भाग पाडताना मशीन बंद पडलं तर त्यावरचा डेटा परत मिळणं कठीण. अडलात तर लॅपटॉपचं मॉडेल आणि स्क्रीनवरची नेमकी ओळ इथे लिहा.